प्लेअरमध्ये व्हिडिओ टाकला, पण घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. "फाईल एमपी४ आहे, खोक्यावरही एमपी४ लिहिलंय. कॉपी झाली, यादीत नाव दिसतंय, पण प्ले दाबलं की 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड'. आणि हीच फाईल मोबाईलवर झकास चालते!" मग प्लेअर रीसेट होतो, कार्ड काढून पुसून परत घातलं जातं, तीच फाईल पुन्हा पुन्हा कॉपी होते. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू राहतं. प्लेअर बहुधा ठणठणीत असतो. दुखणं असतं फाईलमध्ये, नाहीतर कार्डात, नाहीतर केबलमध्ये, आणि तिघांपैकी कुठे ते लक्षणांवरून ओळखता येतं.

इथे बोलतोय ते छोट्या पडद्याच्या साध्या प्लेअरबद्दल. खिशात मावणारे एमपी४ प्लेअर, कपाटातून परत बाहेर निघालेले जुने आयपॉड, आणि पेनड्राइव्ह व मेमरी कार्ड घेणारे चार ते सात इंची पडद्याचे प्लेअर, जे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कीर्तन-हरिपाठ बघता यावा म्हणून घेतले जातात. अँड्रॉइड टॅबलेटची गोष्ट वेगळी. त्यात व्हीएलसी हा फुकट व्हिडिओ प्रोग्रॅम टाकला की बरेचसे प्रश्न सुटतात. साध्या प्लेअरमध्ये तशी सोय नसते. आतली चिप जे जाणते तेच चालतं, नवीन काही शिकवता येत नाही.

आतला नमुना पुसू नका

नवीन प्लेअर हातात आला की लोक पहिलं काम करतात ते आतले चिनी गाण्यांचे किंवा धबधब्याचे व्हिडिओ पुसून जागा मोकळी करण्याचं. थांबा. तो धबधबा हेच तुमचं खरं माहितीपत्रक आहे. स्वस्त प्लेअरबरोबर येणारं छापील पत्रक चार-पाच मॉडेलांना मिळून एकच असतं आणि त्यात जगातले सगळे फॉरमॅट चालतात असं ठोकून दिलेलं असतं. आतला नमुना मात्र त्या यंत्रावर चालतो हे डोळ्यांनी दिसतंय.

तो आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा आणि मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. व्हिडिओ कुठल्या कोडेकचा (म्हणजे आवळून साठवण्याच्या पद्धतीचा), प्रोफाइल म्हणजे त्या पद्धतीचा हलका-भारी प्रकार कोणता, लांबी-रुंदी किती पिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं, बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती, आवाज एएसी की एमपी३, हे सगळं तिथे दिसतं. कागदावर लिहून घ्या. पुढे प्रत्येक व्हिडिओ याच मापाचा करायचा आहे. मीडियाइन्फो नको असेल तर व्हीएलसीत फाईल लावून 'टूल्स'मधलं 'कोडेक इन्फर्मेशन' उघडलं तरी बरंचसं कळतं.

नमुन्याचा दुसरा उपयोग निदानाचा. तुमचा व्हिडिओ चालत नसेल तर त्याच कार्डावर, त्याच फोल्डरमध्ये हा नमुना टाकून बघा. नमुना चालला तर कार्ड आणि प्लेअर दोन्ही बहुधा निर्दोष, गडबड तुमच्या फाईलची. नमुनाही अडला तर आधी कार्डाकडे वळा. नीट फॉरमॅट केलेल्या दुसऱ्या कार्डावरही तो अडत असेल तरच प्लेअरवर संशय घ्या. वॉरंटीसाठी गेलात तर हीच फाईल दाखवा. तुमच्या मोबाईलवरची फाईल दाखवलीत तर "फाईल खराब आहे" हे उत्तर तयार असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

आयपॉडवाल्यांना नमुन्याची गरज नाही, कारण कंपनीने आकडे जाहीर केलेले आहेत. २००५च्या पहिल्या व्हिडिओ आयपॉडला ३२० बाय २४० पिक्सेल, एच.२६४ कोडेकचं बेसलाइन प्रोफाइल, जास्तीत जास्त ७६८ केबीपीएस बिटरेट आणि एएसी आवाज लागतो. २००७च्या आयपॉड क्लासिकला ६४० बाय ४८० पर्यंत चालतं. आयपॉडवर व्हिडिओ नुसता ओढून टाकला तर डिस्कवर जातो, पण मेन्यूत कधीच दिसत नाही. तो आयट्यून्समधूनच सिंक करावा लागतो. २०१९ नंतरच्या मॅकवर हे काम फाइंडरकडे गेलं आहे. आणि पूर्वी मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला जोडला तर विंडोज तो वाचू शकत नाही, फॉरमॅट करायला सांगतं. "हो" म्हणण्याआधी आत जपून ठेवण्यासारखं काही आहे का ते मॅकवर बघून घ्या.

कॉम्प्युटरला प्लेअर दिसतच नाही

चार्जिंगचं चिन्ह येतं, पण ड्राइव्ह उघडत नाही? केबल बदला. पुष्कळ केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात. माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. इयरफोन, ट्रिमर, टेबलफॅन यांच्याबरोबर आलेल्या केबली हमखास अशा. ज्या केबलने मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरतात तीच इथे वापरा.

टाइप-सी पोर्टच्या स्वस्त प्लेअरमध्ये उलटी गंमत असते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने प्लेअर चार्जच होत नाही, मेल्यासारखा पडून राहतो. अशा पोर्टमध्ये चार्जरला "मी इथे आहे" असं सांगणारे दोन छोटे रेझिस्टर असावे लागतात आणि काही पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. ते नसले की नवीन चार्जर वीज सोडत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल घ्या, प्लेअर जिवंत होतो. यात वॉरंटीत भांडण्यासारखं फार काही नाही. सोबत आलेली केबल जपून ठेवा म्हणजे झालं.

काही प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीसाठी एमएससी आणि एमटीपी असे दोन पर्याय असतात. एमएससी निवडा, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा उघडेल. एमटीपीवर ठेवला तर मॅक त्याला ओळखत नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो.

कार्ड बाहेर निघत असेल तर मी केबलच्या भानगडीत पडतच नाही. कार्ड रीडरमधून थेट कॉपी करणं वेगवान, आणि मध्येच बॅटरी संपण्याची भीती नाही.

'फॉरमॅट नॉट सपोर्टेड'

आता मुख्य दुखण्याकडे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत; आत भाजी कोणती ते झाकणावरून कळत नाही. एमपी४च्या डब्यात २००३ साली आलेला एच.२६४ असू शकतो, २०१३चा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ असू शकतो, किंवा २०१८चा एव्ही१. साध्या प्लेअरची चिप बहुतेक वेळा एच.२६४ किंवा त्याच्याही आधीचा एमपीईजी-४ इतकंच पचवते. नवा मोबाईल बहुधा तीनही पचवतो, म्हणून तिकडे झकास आणि इकडे नन्नाचा पाढा.

घरच्या व्हिडिओंमध्ये हे सगळ्यात जास्त घडतं. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये घेतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४मध्ये येतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही 'हाय एफिशियन्सी' नावाचं असंच बटण असतं, ते बंद करा. आधीच घेतलेले व्हिडिओ मात्र बदलून घ्यावे लागतात. फाईलचं नाव बदलून शेपटाला एमपी४ जोडलं तर काहीही होत नाही. हा उपाय सुचवणारे प्रत्येक कुटुंबात एक तरी असतातच.

कोडेक बरोबर असूनही फाईल अडू शकते. ४८० बाय २७२ पिक्सेलच्या पडद्यावर १९२० बाय १०८० चा व्हिडिओ टाकला तर काही चिपा तो लहान करून दाखवतात, काही अडखळतात, काही सरळ नकार देतात. एच.२६४चं 'हाय' प्रोफाइल जुन्या चिपांना जड जातं, 'बेसलाइन' हलकं.

आणि ॲपमध्ये 'डाउनलोड' करून ठेवलेले व्हिडिओ इथे उपयोगाचे नाहीत. यूट्यूब किंवा ओटीटीच्या ॲपमधलं ऑफलाइन सेव्ह हे कुलूपबंद असतं, त्याच ॲपमध्ये उघडतं. फाईल शोधून कार्डावर नेली तरी प्लेअरला ती कचराच वाटणार. प्लेअरसाठी लागतो तो स्वतः चित्रित केलेला, कीर्तनकार किंवा मंडळाने फाईल म्हणून दिलेला, किंवा कुलूप नसलेला विकतचा व्हिडिओ.

एकदा बसून माप ठरवा

बदल करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतं. 'फ्री कन्व्हर्टर' म्हणून शोधल्यावर वर येणारे बरेच प्रोग्रॅम व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारतात किंवा भलतंच काहीतरी कॉम्प्युटरमध्ये घालतात. त्यांच्या नादी लागू नका.

फाईल उघडा, फॉरमॅट एमपी४ ठेवा. 'डायमेन्शन्स'मध्ये पडद्याच्या मापाइतकी लांबी-रुंदी द्या आणि 'ॲनामॉर्फिक' हा पर्याय 'नन' करा. त्याचं कारण पुढे लग्नाच्या डीव्हीडीत येईल. 'व्हिडिओ'मध्ये कोडेक एच.२६४, प्रोफाइल बेसलाइन, लेव्हल ३.०, फ्रेमरेट २५ किंवा ३० आणि त्याच्याखाली 'कॉन्स्टंट'. दर्जाच्या जागी ॲव्हरेज बिटरेट निवडून ८०० लिहा. सात इंची पडद्याला हजार-बाराशे दिले तरी चालतील. 'ऑडिओ'मध्ये एएसी, स्टिरिओ, १२८. नमुन्याचे आकडे यापेक्षा वेगळे निघाले असतील तर अर्थात नमुन्याचं ऐका.

सबटायटल हवे असतील तर 'बर्न इन' करा. साधे प्लेअर वेगळी सबटायटल फाईल क्वचितच वाचतात, आणि वाचली तरी देवनागरी जोडाक्षरांची चटणी करतात. चित्रातच छापून टाकलेलं बरं.

आता महत्त्वाचं. अख्खा व्हिडिओ बदलायला लावू नका. वर 'रेंज'मध्ये 'सेकंद्स' निवडून ० ते ६० द्या, एका मिनिटाचा तुकडा करा आणि तो प्लेअरवर लावून बघा. चालला तर हेच सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करा. पुढचे सगळे व्हिडिओ 'क्यू'त टाकून रात्री कॉम्प्युटर चालू ठेवला की सकाळी तयार. तुकडा चालला नाही तर एका वेळी एकच आकडा बदला: आधी लांबी-रुंदी, मग बिटरेट, मग आवाज. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर औषध कुठलं लागू पडलं ते कळत नाही.

जागेचा अंदाज याच आकड्यांवरून येतो. व्हिडिओचे ८०० आणि आवाजाचे १२८ मिळून दोन तासांची फाईल साधारण ८३५ एमबीची होते. १६ जीबीचं कार्ड विंडोज १४.९ जीबी दाखवतं (चोरी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी), त्यात असे सोळा-सतरा व्हिडिओ सहज बसतात. त्यामुळे फार मोठ्या कार्डाची गरजच पडत नाही.

मीडियाइन्फोने नमुना एव्हीआय किंवा एएमव्ही दाखवला तर हँडब्रेक कामाचं नाही, ते या दोन्ही फाईली बनवत नाही. एव्हीआय व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट'मधून होते: व्हिडिओ एमपीईजी-४, आवाज एमपी३. एएमव्ही हा अगदी छोट्या पडद्याच्या चिनी प्लेअरचा खास प्रकार, १६० बाय १२० वगैरे मापाचा. त्यासाठी सोबत आलेली छोटी सीडी लागते, किंवा कमांड लिहायची भीती नसेल तर एफएफएमपेग हा प्रोग्रॅम. चित्र इतकं भरड येतं की दोन तासांचा सिनेमा त्यावर बघण्यापेक्षा नुसता आवाज ऐकावा.

लग्नाची डीव्हीडी

हा प्रश्न इतक्यांदा येतो की वेगळा घेतो. मुंज, लग्न, साठीशांत यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर टाकायच्या असतात. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एकेक जीबीच्या व्हीओबी फाईली. लोक त्यातली एक उचलून कार्डावर टाकतात. मग आवाज नाही, किंवा मंगलाष्टकांच्या मध्येच सगळं संपतं. हँडब्रेकमध्ये एक फाईल उघडू नका, ते अख्खं फोल्डर उघडा. म्हणजे तुकडे सलग जोडून येतात.

आपल्याकडच्या डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. यातले पिक्सेल चौरस नसतात. चित्र किती ताणून दाखवायचं ही सूचना फाईलमध्ये वेगळी लिहिलेली असते. टीव्ही ती वाचतो, साधा प्लेअर वाचत नाही, म्हणून नवरा-नवरी एकदम बारीक नाहीतर एकदम रुंद दिसतात. 'ॲनामॉर्फिक' बंद केलं की हँडब्रेक चौरस पिक्सेलमध्येच चित्र काढतं आणि माणसं मूळ अंगकाठीला येतात. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील तर 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. फ्रेमरेट २५च ठेवा. डीव्हीडी चरे पडून वाचत नसेल तर मात्र कुठलाही प्रोग्रॅम मदतीला येत नाही. निघेल तेवढं लवकर काढून घ्या.

चित्र आहे, आवाज नाही

आवाज एसी-३, ई-एसी-३ किंवा डीटीएस पद्धतीचा असतो आणि प्लेअरला तो कळत नाही. डीव्हीडी, जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाईली आणि सिनेमांच्या एमकेव्हींमध्ये हे नेहमीचं. वर सांगितल्याप्रमाणे एएसी केलं की आवाज येतो. आवाज आहे पण ओठांच्या मागे-पुढे धावतोय, तर ती मोबाईलच्या चित्रणाची सवय: फोन उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमी-जास्त करतो. 'कॉन्स्टंट' केल्यावर बहुधा जागेवर येतं.

कार्डाची दुखणी

'नो कार्ड' किंवा 'कार्ड एरर' आलं तर आधी कार्डाचं माप बघा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यापुढची एसडीएक्ससी. मोठी कार्डं कारखान्यातून फाईली मांडायच्या एक्सफॅट पद्धतीने येतात आणि साध्या प्लेअरना सहसा फक्त फॅट३२ वाचता येतं. ३२ जीबीच्या आतलं कार्ड विंडोजमध्ये उजवं क्लिक करून फॅट३२मध्ये फॉरमॅट करता येतं. ६४ जीबीसाठी बहुधा रुफससारखा प्रोग्रॅम लागतो, आणि तरीही काही प्लेअर नाकारतात. माझा सल्ला साधा आहे: चांगल्या कंपनीचं १६ किंवा ३२चं घ्या आणि मोकळे व्हा.

फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. कार्डावर जागा दिसत असूनही विंडोज "फाईल फार मोठी आहे" म्हणालं तर हेच कारण.

मोबाईलमधून काढलेलं कार्ड असेल तर आणखी एक फाटा. अँड्रॉइडमध्ये ते 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलं असेल तर त्यावरचा मजकूर त्या फोनपुरता कुलूपबंद असतो. प्लेअर तर सोडाच, कॉम्प्युटरलाही तो वाचता येत नाही. आधी फोनमध्ये घालून आतलं काढून घ्या, मग फॉरमॅट.

सुरुवातीचे काही व्हिडिओ चालतात, नंतरचे उघडत नाहीत किंवा चौकटी चौकटी दिसतात? हे लक्षण खोट्या कार्डाचं. वर १२८ जीबी छापलेलं, आत प्रत्यक्ष ८. कॉम्प्युटरलाही ते १२८च सांगतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफथ्री हे फुकट प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात आणि खोटेपणा उघडा पाडतात. वेळ खातात, पण नवीन कार्ड घेतलं की पहिल्या दिवशीच हे करावं, परत करायची मुदत शिल्लक असताना. काही शे रुपयांत 'दोन टीबी' मिळत असेल तर तपासायचीही गरज नाही.

कॉपी संपल्याची पट्टी गेली म्हणून लगेच कार्ड उपटू नका, 'इजेक्ट' करा. यादीत नाव दिसतं पण कालावधी शून्य दाखवतो, त्यामागे बऱ्याचदा ही घाई असते.

नावं आणि क्रम

देवनागरी नावं काही प्लेअरवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन येतात, आणि काहींवर अशी फाईल उघडतही नाही. नाव रोमन लिपीत, छोटं, आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक. ०१, ०२ असंच. नुसतं १, २ दिलं तर १ नंतर १० लागतो.

एवढं करूनही कीर्तनाचा उत्तररंग आधी आणि पूर्वरंग नंतर लागत असेल तर तुमचा प्लेअर नाव बघतच नाही. फाईली कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने तो वाजवतो, आणि अख्खं फोल्डर एकदम ओढलं तर तो क्रम तुमच्या मनासारखा राहीलच असं नाही. कार्ड फॉरमॅट करून फाईली एकामागून एक, हव्या त्या क्रमाने कॉपी करा. लिनक्स वापरत असाल तर फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्रॅम हेच काम एका फटक्यात करतं.

मॅकवरून कॉपी केलेल्या कार्डात प्रत्येक व्हिडिओच्या जोडीला टिंबाने सुरू होणारी एक छोटीशी फाईल येते. मॅकवर ती दिसत नाही, प्लेअरवर दिसते, आणि दाबली की 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड'. खरा व्हिडिओ तिच्या खालीच असतो. विंडोजवर कार्ड उघडून त्या फाईली पुसता येतात. जवळ विंडोज नसेल तर मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट-क्लीनची आज्ञा त्यासाठीच आहे. इजेक्ट करण्याआधी ती शेवटची चालवा, कारण नंतर एखादी फाईल टाकलीत की तिची जोडीदारीण परत येते.